चांद्याची वीण

रघुनाथराव गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सरलाबाईंना भर दुपारी शिंगराचं खिंकाळणं ऐकू यायला लागलं. पागेत तेव्हा एकही शिंगरू नव्हतं.

झाशीतल्या वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. ओरछा गेटच्या आतल्या गल्ल्यांची दारं बंद, खिडक्यांना ओले पडदे, आणि बाहेर लू, उन्हाळ्यातला तो होरपळवणारा वारा, सूं सूं करत धूळ फिरवत असते. अशा वेळी तो आवाज यायचा. बारीक, तुटका, नुकतंच जमिनीवर पडलेलं पिल्लू आईला शोधताना काढतं तसा. सरलाबाई डोक्यावर पदर ओढून परसातून पागेकडे धावत. तिथे रघुनाथरावांच्या सात घोड्या आणि राजा नावाचा एक नर. चारा समोर पडलेला, पण कुणाचं तोंड चाऱ्यात नाही. सगळी जनावरं मागच्या भिंतीकडे तोंड करून कान ताठ करून उभी. भिंतीपलीकडे चार करंजाची झाडं होती, आणि त्यांच्याखाली इतक्या वर्षांत पुरलेली शिंगरं.

"बाईसाब, जा जगा ठीक नइयां," पागेत घोड्या सांभाळणारा म्हातारा साईस छिद्दी म्हणायचा, ही जागा बरी नाही म्हणून, आणि भिंतीकडे पाठ करून बसायचा. त्यालाही ऐकू येत होतं की तो सरलाबाईंच्या चेहऱ्यावरून ओळखत होता, ते त्यांनी कधी विचारलं नाही. त्याने "हओ" म्हटलं असतं तर काय, आणि "नईं" म्हटलं असतं तर काय, दोन्हीची भीती होती.

ही तट्टं मूळची इथली नव्हती. सरलाबाईंच्या सासरचे पूर्वज भीमेच्या काठावरून बुंदेलखंडात आले तेव्हा त्यांच्या मांडीखाली हीच जात होती. उंचीला माणसाच्या छातीएवढी, आखूड मानेची, रुंद छातीची. खुर असे टणक की खडकाळ रानातही नाल नसली तरी चालायचं. मूठभर दाण्यावर दिवसभर चालणारी. झाशीजवळच्या गुरसरायच्या जहागिरीच्या पागेत ही वीण पिढ्यान्‌पिढ्या राहिली. देश स्वतंत्र झाला, मग जमीनदारी गेली, आणि पागा मोडली. मोठे घोडे लोकांनी नेले, तट्टांकडे कुणी बघेना. सरलाबाईंचे सासरे नारायणराव तिथे पागेचे कारभारी होते. त्यांनी निवडून पाच घोड्या आणि कपाळावर चांद असलेला एक नर असे झाशीला आणले. त्याचं नाव चांदा. घरामागच्या मोकळ्या जागेत छप्पर घातलं, आणि त्यांच्यामागे ते सगळं रघुनाथरावांनी सांभाळलं.

रघुनाथराव कचेरीत कारकून होते. सकाळ-संध्याकाळ मात्र त्यांचा जीव पागेत. त्यांची तट्टं टांग्यांना जात. झाशीच्या स्टेशनावर "दखनी टट्टू" म्हटलं की टांगेवाले मान डोलवत. कुणी उंच घोडा लावून बघा म्हटलं की रघुनाथराव नुसते हसायचे. "बाहेरचा एक थेंब नाही यांच्यात," असं ते अभिमानाने सांगत. बारा-तेरा वर्षं चांदाच नर होता. त्याच्यामागे त्याचा मुलगा. त्याच्यामागे नातू, तो हा राजा.

पहिली काही वर्षं सगळं छान चाललं. मग शिंगरं मरू लागली. एखादं जन्मतःच गार, एखाद्याचे पुढचे पाय वळलेले, एखादं दोन दिवस धडपडून तिसऱ्या दिवशी मान टाकणारं. जी जगत, त्यांतही काही उभी राहायला आठवडा घेत. घोड्या भरेनाशा झाल्या, गाभणच राहीनात. रघुनाथराव स्वतः खड्डा खणत, छिद्दीला हात लावू देत नसत.

आणि घरात? सरलाबाई रघुनाथरावांच्या मामाची मुलगी. सासू म्हणजे सख्खी आत्याच. झाशी, गुरसराय, जालौन इथली मराठी घरं ती किती. मुलगी द्यायची, आणायची ती याच घरांत. त्यांच्या आधीच्या पिढीतही असंच झालं होतं. सरलाबाईंना चार मुलं झाली. एक मेलेलंच जन्मलं, दोन बारशाआधी गेली. एक इंदू तेवढी राहिली, तीही अधू नजरेची. सहाव्या वर्षापासून बाटलीच्या बुडाएवढी भिंगं. आत्या पुष्कळ मायेची होती, पण तिसरं बाळ गेलं तेव्हा चुलीपुढे बसून म्हणाली होती, "माझ्याच माहेरची कूस अशी निघावी!" त्या वेळी रघुनाथराव दारात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि पहूज नदीच्या काठी निघून गेले.

त्या वाक्याबरोबर सरलाबाई पुढची सगळी वर्षं जगल्या.

आता पागा त्यांच्या गळ्यात पडली होती. दीर मार्तंडराव, रेशनिंगच्या कचेरीत नोकरीला, शेजारच्याच घरात राहत. त्यांचं निदान पक्कं होतं.

"वहिनी, आपला कुळस्वामी जेजुरीचा खंडोबा. घोड्यावरचा देव. आपल्याकडनं किती पिढ्यांत कुणी तिथे गेलेलं नाही. तो घोड्यांवर नाही तर कशावर कोपणार? तळी भरून या एकदा."

"आणि तोवर?"

"तोवर घोड्या विका. सरकारी दवाखान्यात आता उंच वळणाचा नर आलाय म्हणे, नाहीतर त्याच्याकडे न्या. शिंगरं मोठी होतील, बाजार येईल."

श्रावणात पंची नावाची घोडी व्याली. शिंगरू सुरेख होतं, गडद तांबडं, चारही पाय पांढरे. संध्याकाळपर्यंत ते उभंही राहिलं. सरलाबाईंनी त्याच्या तोंडापुढे हात हलवला तेव्हा कळलं की ते हलणाऱ्या हाताकडे बघत नाही. दोन्ही डोळ्यांवर साय आल्यासारखी.

त्यांनी दुसऱ्या दिवशी बबीन्याला निरोप धाडला. तिथे छावणीजवळ मेजर निगम राहत. फौजेत खेचरांचे आणि घोड्यांचे डॉक्टर होते, निवृत्त होऊन तिथेच घर केलं होतं. रघुनाथरावांचा त्यांच्याशी थोडा परिचय होता, एवढंच सरलाबाईंना ठाऊक होतं.

निगम आले. शिंगराचे डोळे उघडून पाहिले, राजाचे दात पाहिले, एकेका घोडीभोवती फिरले. मग ओसरीवर बसून त्यांनी पाणी मागितलं आणि पिऊन झाल्यावर विचारलं, "इस बच्चे का बाप कौन?"

"राजा," सरलाबाई म्हणाल्या.

"पंची का बाप?"

"राजा का ही बाप."

"और उसका?"

निगमांनी काठीने अंगणातल्या धुळीत एक रेघ काढली, तिच्यातून दोन, दोहोंतून चार. आणि मग ती सगळी टोकं पुन्हा वळवून एकाच ठिकाणी आणून मिळवली.

"भाभीजी, ना भूत है ना शाप," ते शांतपणे म्हणाले. "हर खून में कुछ खोट छुपी रहती है. बाप में है, माँ में नहीं, तो बच्चे को कुछ नहीं होता. लेकिन दोनों तरफ़ वही खून आ जाए, तो वही खोट दोनों तरफ़ से आती है. तब बच्चा अंधा होता है, कमज़ोर होता है, मर जाता है. घर का घर में ब्याहते रहो, तो एक दिन यही होता है."

अंगणात इंदू उभी होती. सोळा वर्षांची. जाड भिंगांतून ती धुळीतल्या रेघांकडे बघत होती. निगम घोड्यांबद्दल बोलत होते, पुढेही बोलतच राहिले, पण सरलाबाईंच्या मनात दुसरीच बाळं एकापाठोपाठ एक आडवी ठेवलेली दिसू लागली.

"फिर क्या करें?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बड़े घोड़े के पास ले जाओगी तो बच्चा जी जाएगा. पर फिर ये टट्टू नहीं रहेगा. दो-तीन पीढ़ी में नस्ल ख़त्म. ये खुर, ये दम, थोड़े में गुज़ारा, सब जाएगा, और गया तो वापस नहीं आता. खून बाहर का चाहिए भाभीजी, पर जात यही चाहिए. उधर दक्खन में धनगरों के पास अब भी होंगे. वहाँ से नर लाइए. राजा को हटाइए." निगम उठता उठता म्हणाले, "मैंने तो रघुनाथजी से भी यही कहा था."

"कब?"

"अरे, बहुत साल हुए. पैंसठ की लड़ाई से पहले. यहीं बैठे थे. सुनते रहे. फिर बोले, डॉक्टर साहब, ये बात घर में मत कहिएगा."

निगम गेल्यावर सरलाबाई ओसरीवरून उठल्याच नाहीत. पासष्टच्या लढाईच्या आधी. म्हणजे शेवटचं बाळ जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हणजे आत्या जिवंत होती, आणि रोज तुळशीपुढे बसून सुनेच्या कुशीसाठी उपास करत होती. सरलाबाई स्वतः गुनिया मांत्रिकाकडून ताईत आणून कमरेला बांधत होत्या. आणि रघुनाथरावांना ठाऊक होतं. घोड्यांबद्दल कबूल केलं असतं, बाहेरचा नर आणला असता, तर घरातल्या माणसांनी उद्या दुसराही प्रश्न विचारला असता. म्हणून त्यांनी शिंगरं मरू दिली. खड्डे खणत राहिले.

त्यांना बायकोची दया आली होती की स्वतःची लाज वाटली होती? इतकी वर्षं बायकोवर दोष येऊ देणारा माणूस भ्याड म्हणावा, की आपण दोघं एकमेकांची असणंच चूक होती हे तिला कळू नये म्हणून तोंड शिवून बसलेला? ज्याला विचारायचं तो राहिला नव्हता. दुपार झाली. पागेतून पुन्हा तो बारीक आवाज आला. त्या दिवशी त्या धावल्या नाहीत. कानावर हात ठेवून बसून राहिल्या.

पंचीचं शिंगरू गोकुळाष्टमीच्या सुमारास गेलं. या वेळी खड्डा छिद्दीने खणला.

सरलाबाईंनी राजाला खच्ची करून टांग्याला द्यायचं ठरवलं तेव्हा मार्तंडराव तणतणत आले. "दादाच्या हातचा घोडा! दादाची वीण तुम्ही बाटवणार?"

"दादांच्या हातचंच आहे ना सगळं, भाऊजी," सरलाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण मार्तंडराव दचकले. "मी जेजुरीला जाते. तुम्हीच म्हणाला होतात."

नवरात्र संपल्यावर त्या इंदूला घेऊन निघाल्या. जन्म बुंदेलखंडात गेलेला; महाराष्ट्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो गाडीच्या खिडकीतून. जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं होतं. देवापुढे उभं राहिल्यावर काय मागावं ते त्यांना सुचेना. पायरीवरच्या गुरवाला त्यांनी धनगरांच्या तट्टांचा पत्ता विचारला. त्याने नीरेच्या काठाकडे बोट दाखवलं.

तिथे कोकणात उतरायच्या तयारीत मेंढरांचे कळप बसलेले. पाठीवर बोचकी, कोंबड्या, पोरं असं सगळं लादलेली तट्टं पाहून सरलाबाई जागीच थांबल्या. तीच मान, तीच छाती. जणू रघुनाथरावांची पागा मोकळ्या माळावर सुटली होती. त्यांतला एक नर, करडा, कपाळावर दुहेरी भोवरा असलेला, पुढे येऊन त्यांच्या पदराचा वास घेऊ लागला.

"भवऱ्या, हो मागं!" एक काळाकभिन्न, पागोटं बांधलेला माणूस ओरडला. त्याचं नाव तानाजी. "कुटल्या म्हनायच्या बाई तुमी?"

"झाशीच्या."

"झाशी? म्हंजी रानीची?" तो हसायला लागला. "आन् बोलनं तर माज्या आज्यावानी! मदी मदी हिंदी कसली वो?"

सरलाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. पूर्वज, पागा, चांदा. तट्टाला काय हवं ते देते म्हणाल्या. आणि मग न सांगितलं तरी चाललं असतं ते सांगितलं, की आमच्या घोड्यांची शिंगरं जगत नाहीत.

तानाजीचा चेहरा पडला. "मग जागंतच कायतरी हाय. माजा नर न्हाई यायचा तितं. इकत तर न्हाईच."

त्याची बायको हौसा चुलीशी भाकरी थापत होती. तिने वर न बघता विचारलं, "तुमाला लेकरं किती?"

"चार झाली," सरलाबाई म्हणाल्या. "ही एक आहे."

हौसाने इंदूच्या जाड चष्म्याकडे पाहिलं, मग सरलाबाईंच्या तोंडाकडे. भाकरी तव्यावर करपली तरी ती तशीच बघत होती. मग नवऱ्याला म्हणाली, "द्या तो नर बाईंना. दोन वर्सं द्या."

"अगं, पर..."

"द्या म्हनते न्हवं."

तानाजीने बराच वेळ पायाने माती उकरली. शेवटी त्याची अट आली: दोन वर्षांनी भवऱ्या परत, आणि त्याच्यासोबत सरलाबाईंच्या पागेतली एक धडधाकट मादी शिंगरू. "आमच्यात बी आता लोकं उंच घोडं घालाया लागल्यात," तो म्हणाला. "ही जात माज्या लेकाला दिसंल का न्हाई, द्येव जानं. आन् घोडं घेऊन मी सोता येनार. मानूस बगितल्याबिगर माजं जनावर ऱ्हानार न्हाई."

जनावराला रेल्वेचा डबा मिळवणं सोपं नव्हतं. त्या कामी झाशीच्या मालधक्क्यावरचे रामकृष्ण नावाचे बाबू उपयोगी पडले. मूळचे भुसावळचे, बदलीने आलेले. ओरछा गेटची जुनी मराठी घरं अशा रेल्वेवाल्यांना जरा दूरच ठेवत. सरलाबाईंनी पुण्याहून मालधक्क्याच्या कचेरीला तार केली, आणि रामकृष्णांनी ओळख ना पाळख, खटपट करून डबा लावून दिला. चौथ्या दिवशी भवऱ्या आणि तानाजी झाशीत उतरले, तेव्हा रामकृष्ण स्वतः पाण्याची बादली घेऊन धक्क्यावर उभे होते.

मार्तंडरावांनी भवऱ्याभोवती फिरून कपाळावरच्या शुभ भोवऱ्याखेरीज त्याच्या अंगावर एखादा अशुभ भोवरा आहे का ते शोधलं. सापडला नाही तेव्हा म्हणाले, "दिसायला आपल्यातलाच वाटतो."

"आपल्यातलाच आहे," सरलाबाई म्हणाल्या.

पहिले दोन दिवस भवऱ्याने पागा दणाणून सोडली. तिसऱ्या दुपारी मात्र तानाजी धावत ओसरीवर आला. त्याचं पागोटं हातात होतं.

"बाई, चला. बगा."

भवऱ्या घोड्यांच्या शेजारी उभा होता. घोड्यांसारखाच. मागच्या भिंतीकडे तोंड, कान ताठ, अंगावर शहारा. करंजाचं पानही हलत नव्हतं.

"काय हाय तितं पल्याड?"

"शिंगरं," सरलाबाई म्हणाल्या. "मेलेली."

सरलाबाईंना वाटलं, तानाजी आता घोडा घेऊन परत निघेल. पण त्याने कमरेची पिशवी उघडून चिमूटभर भंडारा काढला, भिंतीला वळसा घालून झाडांखाली गेला आणि मातीवर टाकला. परत येऊन म्हणाला, "असू द्या. त्यांचीच पोरं हाईत. बगनारच की ती."

तो दुसऱ्या दिवशी गेला.

फाल्गुन-चैत्रात चार घोड्या भरल्या. पुढचं वर्ष सरलाबाईंनी जीव मुठीत धरून काढलं. घोडीचं पोट वाढताना बघायची त्यांना सवय होती. त्याच्यामागून येणाऱ्या खड्ड्याचीही. निगम महिन्यातून एकदा बबीन्याहून येत, घोड्यांच्या कुशीवर कान ठेवत, आणि चहा पिऊन जात. जुन्या गोष्टीबद्दल त्यांनी पुन्हा अवाक्षर काढलं नाही, सरलाबाईंनीही नाही.

माघात पहिली घोडी व्याली. ते शिंगरू गेलं. सरलाबाई रडल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी पागेत पाऊल टाकलं नाही.

चैत्र लागला होता. ऊन चढलेलं. सरलाबाई माजघरात डोळ्यांवर ओला पंचा ठेवून पडल्या होत्या. आणि तोच आवाज आला. बारीक, तुटका. त्यांनी कूस बदलली. आवाज पुन्हा आला. त्यांनी पंचा कानावर ओढला.

"आई," इंदू दारात उभी होती. धापा टाकत. "आई, उठ ना. ऐकू येत नाही का तुला?"

सरलाबाई ताडकन उठून बसल्या. "तुला... तुला येतं ऐकू?"

"म्हणजे काय? पंची ब्याली! छिद्दीकाका कबसे हाक मारताहेत!"

पंचीसमोर ओल्या गवतात एक करडं मादी शिंगरू चारही पाय फाकवून उभं होतं. सरलाबाईंनी त्याच्या तोंडापुढे हात धरला. शिंगराची नजर हाताबरोबर फिरली. त्यांनी हात दुसरीकडे नेला. नजर तिकडे गेली. मग शिंगराने त्यांच्या बोटाला ओठ लावले. सरलाबाई तिथेच ओल्या जमिनीवर बसल्या आणि इंदूला जवळ ओढून मोठ्याने रडल्या. इतक्या मोठ्याने की शेजारून मार्तंडराव, आता कोण गेलं म्हणून, धोतर सावरत धावत आले.

त्या वर्षी आणखी दोन जगली. पुढच्या वर्षी भवऱ्याची सगळीच. ठरल्याप्रमाणे तानाजी आला, भवऱ्याला आणि पंचीच्या त्या करड्या लेकीला घेऊन गेला. निगमांच्या सांगण्यावरून त्याने दुसऱ्या तळावरचा एक वेगळा नर आणून सोडला होता. पुढे कितीतरी वर्षं हे चालू राहिलं. नीरेकाठचं जनावर झाशीला, झाशीचं नीरेकाठी.

पण त्याआधीच घरात एक वादळ झालं. गुरसरायहून रघुनाथरावांच्या बहिणीने, अक्कांनी, आपल्या मुलासाठी इंदूला मागणी घातली. आतेभाऊ, घरचाच मुलगा, चष्म्याचा बोभाटा नाही. मार्तंडराव पेढे घेऊनच आले होते.

"नाही," सरलाबाई म्हणाल्या.

"वहिनी, अधू डोळ्यांची मुलगी. दुसरीकडे कोण करणार? आणि तुमचंही तर असंच झालं होतं."

"म्हणूनच नाही."

कारण त्यांनी सांगितलं नाही. अक्का रुसल्या, त्या कायमच्या. गावातली मराठी मंडळी म्हणू लागली, नवरा गेल्यापासून बाईला घोड्यांचं वेड लागलंय. दोन वर्षांनी इंदूचं लग्न झालं ते रामकृष्णबाबूंच्या मुलाशी, गजाननशी, जो लोको शेडमध्ये लागला होता. इंदूला तो आवडत होता, आणि सरलाबाईंनी एवढंच विचारलं की आपल्या दोन्ही घरांत काही लांबचंही नातं निघत नाही ना. रामकृष्ण हसून म्हणाले, "कुठे तुम्ही अन् कुठे आम्ही खान्देशातले!" सरलाबाई हसल्या नाहीत, त्यांनी भटजींना मुहूर्त बघायला सांगितलं. इंदूला दोन मुलं झाली. दोघांचे डोळे स्वच्छ. आजीचं मराठी ती ऐकत आणि उत्तर हिंदीत देत.

स्टेशनावर टेम्पो आले तसे टांगे कमी झाले. लोक म्हणाले, आता कशाला ही तट्टं? सरलाबाईंनी ठेवली. काही बबीन्याच्या बाजूच्या कुंभारांना माती वाहायला दिली, काही वरातीला. एकदा कुठल्याशा विद्यापीठातली मुलं येऊन तट्टांच्या आयाळीतले केस मुळासकट उपटून पाकिटांत भरून घेऊन गेली. या केसांतून वीण किती मिसळलेली, किती वेगळी ते कळतं म्हणाली. सरलाबाईंनी त्यांना जेवायला घातलं. माणसांचंही कळतं का, असं विचारावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी पानात भात वाढला.

आवाज थांबला नाही. पाच-सहा शिंगरं पागेत उड्या मारत असायची, आणि त्यांच्या दंग्यापलीकडून, करंजांच्या बाजूने, दुपारी कधीकधी तो वेगळा ऐकू यायचा. त्यांना फरक कळायचा. जुन्या घोड्याही तेवढ्यापुरत्या मान वळवत. सरलाबाईंना त्याची भीती राहिली नव्हती. पण तो यायचा त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे, आणि रघुनाथरावांशी मनातल्या मनात जुना वाद सुरू व्हायचा. कधी त्या जिंकत, कधी ते. कधी त्या एवढंच म्हणत, मला सांगितलं असतं तर आपण दोघं मिळून रडलो असतो.

मार्तंडराव शेवटच्या आजारपणात अंथरुणाला खिळले, तेव्हा सरलाबाई रोज दुपारी त्यांना पेज घेऊन जात. त्या वेळेपर्यंत रेडिओवर, वर्तमानपत्रात अशा गोष्टी यायला लागल्या होत्या. नात्यातली लग्नं, मुलांचे आजार. मार्तंडराव बरंच वाचत. एका दुपारी पेजेचा चमचा तोंडाशी आला असताना त्यांनी मान फिरवली.

"वहिनी, एक विचारू? दादाला... दादाला ठाऊक होतं का हो हे?"

"काय?"

"तेच. घोड्यांचं. आणि..." डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. हा माणूस आयुष्यभर दादाच्या सावलीत चालला होता. दादाचं नाव घेतल्याशिवाय त्याचं एक वाक्य पुरं होत नसे.

सरलाबाईंनी पदराने त्यांचा कान पुसला.

"नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्यांना कुठून ठाऊक असणार? तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं."

मार्तंडरावांनी सुटकेचा श्वास टाकला आणि तोंड उघडलं. त्यांनी सगळी पेज घेतली. बऱ्याच दिवसांनी सगळी घेतली. भांडं विसळून सरलाबाई परत आपल्या ओसरीवर आल्या. पागेकडे न बघता त्या बराच वेळ तिथे बसून राहिल्या.